वडिलांच्या नावापुढचा रकाना

सरांनी विद्यापीठांच्या यादीत बेंगळुरूवर पेन्सिलीची रेघ मारली, मग हैदराबादवर, मग कोलकात्यावर. चौथ्या नावाशी हात थबकला, तशी समोर बसलेली संयोगिता जरा पुढे सरकली. पण छे, तिथंही त्यांनी रेघ ओढलीच. सांगलीत कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा क्लास चालवणारा हा माणूस कुणाला खोटी आशा दाखवायचा नाही. गेल्या वर्षी कुठल्या विद्यापीठात कितव्या क्रमांकापर्यंत प्रवेश मिळाला, हे त्यांना तोंडपाठ. संयोगिताचा क्रमांक देशात तीन हजारांच्या पुढचा. पलूसच्या पोरीनं क्लास आणि एसटी सांभाळून एवढं मिळवलं म्हणजे काही थोडंथोडकं नव्हे. पण नावाजलेल्या ठिकाणी जागा त्याआधीच भरून जायच्या.

"वडील सैन्यात ना तुझे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आहेत की होते?"

संयोगितानं मांडीवरच्या बॅगेची चेन उघडली, परत लावली.

"बेपत्ता आहेत. सात वर्षं झाली."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि आवाज उतरवून समजावलं. कामगिरीवर मृत्यू आलेल्या सैनिकांच्या मुलांना एका चांगल्या विद्यापीठात राखीव जागा होती. तिथं तिचा नंबर हमखास लागेल. फक्त लष्कराचा दाखला जोडावा लागेल. सात वर्षं माणसाची खबर नसली तर कायदासुद्धा तो गेला असंच धरतो. फॉर्मची मुदत उद्या पाचपर्यंत.

हमखास! हा शब्द सरांच्या तोंडून तिनं आजवर ऐकला नव्हता.

परतीच्या एसटीत तोच शब्द तिला खात राहिला. हवालदार जोतिबा पवार सरहद्दीवर गस्त घालताना नदीच्या लोंढ्यात गेले आणि हाती लागलेच नाहीत. भावकीतली माणसं येऊन सांगून गेली की गवताचा पुतळा करा, विधी उरकून घ्या. आईनं, रेश्मानं, त्यांना दारातूनच परतवून लावलं. बारा वर्षं वाट बघायची रीत हाय, म्हणाली. कुंकू राहिलं, मंगळसूत्र राहिलं. संक्रांतीला ती हळदीकुंकवाला जायची, तेव्हा बायका एकमेकींकडे बघायच्या. पण तिच्या कपाळाला बोट लावायला कचरायच्या नाहीत. घरात अजून जोतिबांच्या शर्टांना दर दिवाळीला इस्त्री व्हायची. भाजीत तिखट जास्त पडलं तर आई म्हणायची, तुज्या पप्पांना चालत न्हाई असलं. अशा बाईकडे मृत्यूचा दाखला कुठल्या तोंडानं मागायचा? पलूसचा स्टँड येईपर्यंत संयोगितानं ठरवून टाकलं, मागायचा नाही. सांगलीचं कॉलेज काय वाईट आहे!

आई हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. नंबर कुठं लागत नाही, इथंच प्रवेश घेते, असं संयोगितानं सांगून टाकलं. फौजेतल्यांच्या पोरांना जागा असत्यात म्हणं, त्याचं काय, असं आईनं विचारलं. त्यातही जमत नाही, असं ती म्हणाली खरी. पण तिला खोटं बोलता यायचं नाही, आणि हे आईला पक्कं ठाऊक होतं.

रेश्मा उठली. कपाटातल्या साड्यांखालून तिनं प्लॅस्टिकची एक फाइल काढली आणि लेकीच्या हातात दिली. आत लष्कराचा दाखला होता. त्यावरची तारीख सहा वर्षांपूर्वीची. सोबतच्या पोचपावतीवर पत्नीची सही होती, रेश्मा जोतिबा पवार, अक्षर जराही न हललेलं.

"आई, मग हे?" संयोगितानं आईच्या कपाळाकडे बघितलं.

"तू धा-अकरा वर्साची हुतीस. फाटक वाजलं की पळत सुटायचीस. तुला कसं सांगावं, सुचंना मला. मग रीतीचं नाव फुडं केलं झालं." रेश्मानं परत भाजी पुढ्यात ओढली. "आनी मग लय दिस गेलं."

संयोगिताला रडू आलं नाही, रागच आला, आणि तो कुणाचा हेही कळेना. तिनं लॅपटॉप उघडला. सगळे रकाने भराभर भरले. वडिलांच्या नावापुढे 'हयात' आणि 'मृत' असे दोन चौकोन होते. तिथं तिचं बोट अडलं. आईसाठी आपण गप्प राहतो, असं तिनं इतकी वर्षं धरलं होतं. आता आईनं तर कागद पुढ्यात ठेवला होता, तरी बोट हलेना.

"आई, पप्पा आले तर?"

रेश्माची हातातली काडी खुडून झाली, तेव्हा बोलली.

"आलं तर आलं. तवा तू वकील असशील. कोरटात हुबी ऱ्हा, आनी ह्यो कागद खोटा ठरीव."

संयोगितानं दुसऱ्या चौकोनात खूण केली. त्याखाली मृत्यूची तारीख विचारली होती. ती दाखला उचलणार, तेवढ्यात आईनं मान वर न करता तारीख सांगितली. वेळ फॉर्ममध्ये कुणी विचारलीच नव्हती, तीही सांगितली.