थुंकीनं पुसलेला प्रश्न

“पाटीला थुकी लावायची न्हाय, नाग्या. सरस्वती हाय ती. वल्या फडक्यानं पुसायची.”

हा आवाज सोपानआबांचा. याला तीस वर्षं होऊन गेली, तरी तो माझ्यात तसाच आहे. मी एक जुनी दगडी पाटी आहे, मित्रांनो. माझी चौकट लाकडाची आणि एक कोपरा उडालेला. आबांनी मला इंदापूरच्या बाजारातून धोतराच्या सोग्यात गुंडाळून पळसदेवला आणलं, ते त्यांच्या लेकासाठी, नागेशसाठी. नागेशनं एकदा थुंकीचा अंगठा माझ्यावर फिरवला, तेव्हा आबांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला होता. मग वरचे शब्द ऐकवले होते.

तेव्हा घरात मेंढरं होती. पुढं मेंढरं गेली, पेरूची बाग आली. नागेश मोठा झाला आणि आबांच्या कारभारणीनं, साखरबाईंनी, मला देव्हाऱ्याखाली ठेवलं. माझ्यावर भंडाऱ्याची वाटी असायची. त्या पिवळ्या हळदीचा वास मला फार आवडे.

आबांचा आवाज म्हणजे काय सांगू! बिरोबापुढं ते ओवी म्हणू लागले की धरणाच्या पाण्यापलीकडच्या वस्तीवर माणसं चूल सोडून बाहेर येत. पण ओवी संपली की कानावरची विडी हातात येई, हेही खरं. मेंढरांमागं हिंडताना लागलेली ती सवय मेंढरं विकल्यावरही गेली नाही.

मग एक दिवस आवाज घोगरा झाला. “जत्रंत लई वरडलासा,” असं सगळे म्हणाले. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, अंगारा झाला. साखरबाईंनी नेम धरला. आवाज सुटेपर्यंत दिवा लावल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही आणि रोज माझ्यावर एक रेघ ओढायची. त्यांना अक्षर येत नव्हतं, रेघ येत होती.

एकदा गावची आशा सेविका, सुप्रिया, घरी आली.

“मामी, ह्या कसल्या रेघा?”

“आबांचा घसा बसलाय न्हवं, त्याचा नेम हाय.”

सुप्रियानं मोजायला सुरुवात केली. एका बाजूच्या संपल्या, तिनं मला उलटं केलं. दीडशेच्या वर गेल्यावर तिचं बोट थांबलं. “मामी, आवाज तीन आठवड्यांत सुटला न्हाय तर घशाच्या डॉक्टरला दाखवायचं असतं. एकविसाव्या रेघेलाच न्यायचं होतं हो.”

साखरबाईंनी मला सुलटं करून पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. आणि मी? ती एकविसावी रेघ माझ्याच अंगावर होती.

तपासणी झाली. घशातला बारीक तुकडा काढून पाहिला. नागेश कागद घेऊन आला तो थेट देव्हाऱ्यापुढं बसला.

“आई, आबास्नी कॅन्सर हाय. पर त्यांना सांगायचं न्हाय. धास्तीनंच जातील. भंडारा उचल.”

“नवऱ्यासंग खोटं बोलू?”

“खोटं कुठं? नुसतं गप ऱ्हायचं.”

आमच्या घरी भंडारा उचलला की शपथ देवाची होते. साखरबाईंनी माझ्यावरच्या वाटीतून चिमूट उचलली. थोडी हळद माझ्यावर सांडली. नागेशनं त्यांनाही निम्मंच सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

दवाखान्यातून निरोप आला, लिहायला पाटी आणा. आबा हसले, “ह्या वयात पयलीत घालताय व्हय मला?”

“घशातली गाठ काढल्यावर आठ दिस बोलायचं न्हाय, म्हणून,” नागेश म्हणाला.

मी त्याच्या पिशवीत होते. बाहेरच्या व्हरांड्यात डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं, “स्वरयंत्र काढावं लागणार आहे. आवाज कायमचा जाणार, श्वास गळ्यावरच्या छिद्रातून घ्यावा लागणार. हे सगळं वडिलांना सांगितलंत ना?”

“व्हय मॅडम.”

बाईंनी आत जाऊन आबांनाही विचारलं, “आबा, मुलानं सगळं समजावलंय ना?”

“समजावलंय की. लेक हाय माझा,” आबा म्हणाले आणि त्यांनी सही केली. ते त्यांच्या आवाजातले शेवटचे शब्द. कुणी सांगितलं असतं, तर निदान एक ओवी म्हणून गेले असते.

ऑपरेशन होऊन घरी आले तेव्हा गळ्यावर छिद्र, त्यावर जाळीचं फडकं आणि पोटात अन्न जायला नाकातून नळी. साखरबाई सिस्टरकडून सगळं शिकून आल्या होत्या. हात धुवायचे, गळ्यातली नळी साफ करायची, वाफ द्यायची, अंघोळीला छिद्रात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. देवपूजेसारखं त्या ते करत.

दहाव्या दिवशी आबांनी मला मांडीवर घेतलं. चौथीपर्यंतची शाळा, अक्षर वाकडं, पण स्वच्छ. ‘आवाज कधी येनार?’

“काय म्हणत्यात रे?” साखरबाईंनी विचारलं.

नागेशनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “उशी नीट कर म्हणत्यात.”

साखरबाई उशी नीट करायला लागल्या. मित्रांनो, आबांना ऐकू येत होतं! त्यांनी लेकाकडं जसं पाहिलं, तसं कुणी कुणाकडं पाहू नये. मग त्यांनी पाटीभर मोठं लिहिलं, ‘माझा आवाज कुठं हाय?’

नागेशनं अंगठा जिभेला लावला आणि तो प्रश्न पुसून टाकला.

मी आयुष्यभर एकच धर्म पाळला. लिहिलं असेल तेच दाखवायचं. त्या दिवशी मला समोर धरून दुसरंच वाचलं गेलं. ज्यानं माझ्यावर ‘आ’ गिरवला, त्यानंच माझं तोंड बंद केलं.

त्यानंतर आबा भिंतीकडं तोंड करून झोपले. आता शेक, म्हणजे किरणांचे उपचार, ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवे होते. गाडी दोनदा दारात आली नि रिकामी परतली. पाचवा आठवडा लागला.

पण साखरबाईंनी ती थुंकी पाहिली होती. नागेश बागेत गेल्यावर त्यांनी मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि आबांच्या हातात दिलं. आबांनी बराच वेळ लिहिलं. साखरबाईंनी मला पदराखाली झाकून सुप्रियाकडं नेलं. “हाय तसंच वाच, पोरी. दयामाया करू नगं.”

सुप्रियानं हळूहळू वाचलं, “‘गळा माझा. मला इचारलं न्हाय. आता कुटंच येनार न्हाय.’” मग ती म्हणाली, “मामी, आबांचं आवाजाचं यंत्रच काढलंय. पुढं गळ्यात झडप बसवून, सराव करून पुष्कळ जण परत बोलत्यात. पर शेक चुकला तर दुखणं उलटंल.”

साखरबाई घरी आल्या आणि आबांच्या पायाशी बसल्या. “मी भंडारा उचलला हुता. आज मोडती. पाप लागंल ते मला लागू दे.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. कॅन्सर, गेलेला आवाज, झडप, रेघा, शपथ, काही लपवून ठेवलं नाही.

आबांनी दोनच शब्द लिहिले. ‘तू बी?’

“मला वाचाय येत न्हाय, पर हे कळलं,” साखरबाई म्हणाल्या. “व्हय. मी बी. आता तुमी शेकाला चला. मी अक्षरं शिकती. तुमच्या-माझ्यात वाचून दावणारा कुणी नगं.”

आबांनी मान हलवली नाही. फक्त पेन्सिल साखरबाईंच्या हातात ठेवली.

मित्रांनो, आवाज बसला तर रेघा ओढत बसू नका. आणि आजारी माणसाला त्याचा आजार खरा सांगा. मी फुटले तरी चालेल, पण मला थुंकीनं पुसू नका.

दुसऱ्या दिवशी गाडी नऊला येणार होती. आबा गळ्याचं फडकं नीट करून ओट्यावर बसले होते. नागेश पुढं झाला, “आण आई, पाटी मी धरतो.”

“ऱ्हाऊ दे,” साखरबाई म्हणाल्या.

त्यांनी दिवा लावला, माझ्या पाठीवर उरलेल्या दोन-चार जुन्या रेघा ओल्या फडक्यानं पुसल्या, मला काखेत धरलं आणि सात वाजायच्या आत, गाडी यायच्या आधी पहिलं अक्षर शिकायला, त्या सुप्रियाच्या घराकडं निघाल्या.