दात्याची तब्येत

चौथा डोसा अर्धा संपला आणि अभिराजचा हात थांबला. पोट टम्म झालं होतं, घशाशी आंबट येत होतं.

"थांबलास का रे?" गोजराबाईंनी तव्यावरचा पाचवा डोसा लोण्यासकट त्याच्या ताटात सरकवला. "एवढा खा. आप्पांसाठी."

"आई, अण्णा आता ताटपण खाणार बघ," त्याची धाकटी बहीण रक्षिता म्हणाली.

"तू गप. दृष्ट लावू नको."

आप्पांसाठी म्हटलं की अभिराज खायचाच. आप्पा म्हणजे त्याचे वडील, व्यंकोजी. देवनहळ्ळीत किल्ल्याजवळ त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. जुन्या काविळीने त्यांचं यकृत निकामी होत आलं होतं, आणि घरात रक्तगट जुळला तो फक्त अभिराजचा. त्याच्या यकृताचा एक भाग काढून आप्पांना लावायचा असं ठरलं. पण आप्पांच्या पोटातला संसर्ग आधी बरा व्हायला हवा होता, अभिराजचं हिमोग्लोबिनही कमी होतं. शस्त्रक्रिया तीन महिने पुढे गेली.

हे सांगणाऱ्या डॉक्टर स्मृती पुण्याच्या. समोरची माणसं घरात मराठी बोलतात हे कळल्यावर त्या खुलल्या. "मग मी कन्नडची कसरत कशाला करतेय?" त्या हसल्या. "गोळ्या वेळेवर घ्या, आणि तोवर तब्येत चांगली करून या."

गोजराबाईंनी ते वाक्य जपून घरी आणलं. कित्येक पिढ्या कानडी मुलखात राहून टिकवलेल्या त्यांच्या मराठीत तब्येतीचा अर्थ एकच होता: अंगावर दिसणारं मांस. बारीक माणसाला तब्येत नसते, गुबगुबीत माणसाची चांगली असते. डॉक्टर कन्नडमध्ये बोलल्या असत्या तर 'आरोग्य' म्हणाल्या असत्या. आरोग्याला कुणी लोणी लावत नाही.

मग सकाळी डोसे, दुपारी डब्यात तूप घातलेला बिसीबेळे भात, संध्याकाळी केळी कुस्करलेलं साखरेचं दूध, झोपताना होळिगे, म्हणजे तुपात भिजलेली पुरणपोळी. विमानतळाच्या मालगोदामात अभिराज नोकरीला होता. तिथला जिना चढताना त्याला मध्येच थांबावं लागू लागलं. झोपेत तो घोरायचा, सकाळी डोकं जड असायचं. छातीत जळजळलं की गोळी चघळून पुन्हा पानावर बसायचा. गल्लीतली माणसं म्हणायची, "तब्येत झाली की रे!" अंथरुणावरून आप्पा ते ऐकायचे आणि समाधानाने डोळे मिटायचे. अभिराजला वाटायचं, दम लागतो तो जबाबदारीचा.

तीन महिन्यांत त्याचं वजन चौदा किलो वाढलं. आप्पांचा संसर्ग बरा झाला, पण डोळे हळदीसारखे झाले होते, बोलता बोलता शब्द हरवत होते. रुग्णालयाने त्यांना दाखल करून घेतलं आणि अभिराजला तपासणीला बोलावलं.

डॉक्टर स्मृती संगणकाच्या पडद्यावरच्या स्कॅनकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे काय केलंत तुम्ही?"

"तब्येत केली," गोजराबाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलं होतं ना?"

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं, मग मुलाकडे. त्यांना कळलं तसा त्यांचा आवाज खाली आला. "माझ्या म्हणण्याचा अर्थ तो नव्हता, मावशी. एवढं गोड आणि तूप एकदम पोटात गेलं की यकृत त्याची चरबी करून स्वतःतच साठवतं. यांच्या यकृतात आता पाव हिस्सा चरबी आहे. असा भाग लावला तर तो चालेल याचा भरवसा नाही. कापल्यावर यांच्याही जिवाला धोका."

"मी आजपासून जेवत नाही," अभिराज म्हणाला. "पाणीसुद्धा मोजून पितो."

"उपाशी राहून यकृत आणखी बिघडतं. हळूहळू उतरवायला हवं. उतरलं की चरबीही जाते."

"हळूहळू म्हणजे?"

"तीन-चार महिने."

"आणि आप्पांकडे तेवढा वेळ आहे?"

डॉक्टरांनी आप्पांची फाईल पुढे ओढली. "मृत दात्याच्या यकृतासाठी जी यादी असते, तिच्यात त्यांचं नाव घालते," त्या म्हणाल्या. "पण यादी मोठी आहे."

गोजराबाई आपल्या हातांकडे पाहत होत्या. "लोणी मी घरी काढलं होतं," त्या म्हणाल्या. "शुद्ध होतं."

वॉर्डात आप्पा उशीला टेकून बसले होते. त्यांनी अभिराजला नजरेनेच विचारलं. खोटं सांगायचं असं त्याने वाटेत ठरवलं होतं, पण त्या पिवळ्या डोळ्यांसमोर ते जमेना.

"माझं चालत नाही, आप्पा. चरबी धरलीय. खाऊन खाऊन."

आप्पांना शब्द जुळवायला वेळ लागला. मग त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"सावकाश उतरव," ते म्हणाले. "माझ्यासाठी घाई नको करू."

आणि भिंतीकडे तोंड वळवलं.