खुशीच्या मापाची सीट

बालाघाटात गोंदिया रोडला भोजराजचं सीटांचं दुकान आहे. मोटारसायकलची सीट, ट्रॅक्टरची सीट, ऑटोचं मागचं बाकडं, जे जे म्हणून बुडाखाली येतं ते सगळं तो शिवतो. हात चांगला, तोंड वाईट. गिऱ्हाईक म्हणालं, "गाडी ठेवून जातो, संध्याकाळी नेतो," की भोजराजचं उत्तर ठरलेलं, "अन् बसन कोण? मी?" बसणारा माणूस समोर बसल्याशिवाय तो रेक्झिनला कात्री लावत नाही. एकदा एका ठाणेदाराला त्यानं बुलेटवरून तीनदा उतरवलं अन् तीनदा बसवलं. ठाणेदार मुकाट बसला.

अशा माणसाकडं राइस मिलवाले बाबूलाल सेठ ती गाडी घेऊन आले. लहान पोरांची, पायडल मारत चालवायची, पत्र्याची मोटर. उकव्याच्या मँगनीजच्या खाणीतल्या कुण्या साहेबाच्या बंगल्यातून त्यांच्या वडिलांनी आणलेली. बाबूलाल स्वतः तिच्यात बसून लहानाचे मोठे झाले होते. नंतर कितीतरी वर्षं ती धानाच्या कोठीत पडून होती. आता नागपूरचा नातू चार वर्षांचा होणार म्हणून सेठनी तिला लाल रंग मारून घेतला, चाकं बदलली. राहिली होती सीट. जुनी उंदरांनी खाल्लेली, मूठभर काथ्या तेवढा शिल्लक.

"नातू कुठं हाय?" भोजराजनं विचारलं.

"नागपूरले. बड्डेच्या दिवशीच येईन."

"मंग माप?"

"अरे, चार साल का बच्चा है. अंदाजानं कर ना!"

अंदाजानं! भोजराजला कुणी आईबहिणीवरून बोललं असतं तरी एवढं लागलं नसतं. पण गाडी त्याला आवडली होती. असं काम आयुष्यात दुसऱ्यांदा येत नाही, हे त्यालाही कळत होतं. तो हौ म्हणाला.

दुकानाला लागूनच गीताबाईचा इस्त्रीचा ठेला. तिची खुशी चार वर्षांची. अंगणवाडी सुटली की ती आईच्या टेबलाखाली खेळत बसायची. भोजराजनं तिला हाक मारली. खुशी आली, गाडी पाहिली अन् जागच्या जागी थांबली.

"बस," भोजराज म्हणाला.

"कोणाची हाय?"

"बस तं खरी."

"कोणाची हाय, मामा?"

आता खरं सांगितलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? फार तर पोट्टी बसली नसती. लोकांच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे गीताबाईनं तिच्या डोक्यात चांगलं भरवलं होतं. ठेल्यावर सगळे लोकांचेच कपडे, ती बिचारी दुसरं काय शिकवणार! भोजराजच्या हातात टेप, कानाशी खडू, वर कामाची घाई.

"तुहीच हाय," तो म्हणाला. "बस आता."

खुशी बसली.

गीताबाईनं इस्त्री उभी केली. "काहून सांगून राह्यले भाऊ असं लेकराले? मंग रडन ना ते."

"दोन दिसात विसरते व बाई. लेकराचं काय!"

पहिली सीट फसली. भोजराजनं मोटारसायकलचा फोम घातला होता. मोठ्या माणसाखाली तो बरोबर दबतो, खुशीखाली तो तसूभरही दबला नाही. पोरगी फळीवर बसावी तशी बसली, पायडल मारायला गेली अन् घसरून थेट खाली. तेरा-चौदा किलोचा जीव, त्याच्या वजनाला दबेल असं दुकानात काही नव्हतंच. मग त्यानं घरची उशी फोडली. बायकोनं त्या उशीपायी दोन दिवस अबोला धरला, पण फोम बरोबर निघाला. खाली काथ्याचा थर, वर हा मऊ फोम. पुन्हा बसवलं. गुडघे स्टिअरिंगला लागत होते, म्हणून सीट दोन बोटं मागं घेतली. मग पाठ. खुशीची पाठ जिथं वाकते तिथं खडूनं रेघ मारली अन् शिवण तिथंच घेतली.

आठ दिवसांत ती सहा-सात वेळा बसली असेल. एकदाही कंटाळली नाही. स्वतःच्या गाडीचं काम चालू असताना कोण कंटाळतं? उलट तीच हुकूम सोडायला लागली.

"मामा, हॉर्न वाजत नाई."

"हौ."

"मामा, मांगं आईले बसवता येते का?"

"नाई."

"मंग तिले पायदल येऊ दे."

भोजराज हौ हौ करत टाके घालत राहिला. सीट मात्र अशी झाली की बाप्पा! खुशी बसली की हलायचं नाव नाही, कितीही पायडल मारा.

गाडी न्यायला त्यानं बाबूलाल सेठना अकरा वाजता बोलावलं. अकरालाच का? तर त्या वेळी खुशी अंगणवाडीत असते. ठाणेदाराला न भिणारा गडी चार वर्षांच्या पोरीला भ्याला. सेठ सीटवरून हात फिरवत "बचपन याद आ गया" म्हणाले, गाडी पिकअपमध्ये चढवली अन् घेऊन गेले.

दुपारी खुशी आली. "माही गाडी?"

"रंगाले गेली."

"कधी येते?"

"उद्या."

दोन दिवसांत विसरणार होती ना? ती तिसऱ्या दिवशी आली, चौथ्या दिवशी आली, पाचव्याही दिवशी आली. रडणं नाही, हट्ट नाही. पायरीवर उभी राहायची, गाडी ठेवायची जागा पाहायची अन् विचारायची, "आली?" उद्या म्हटलं की "बरं" म्हणून परत जायची. तिचा त्याच्यावर विश्वास होता अन् तेच वाईट होतं. रडली असती तर दोन बिस्किटं देऊन तो मोकळा झाला असता.  गीताबाई इस्त्री तेवढी जरा जोरात आपटत होती.

मध्येच सेठचा फोन आला. "भोजराज, सीट एक नंबर! पण पोट्टं बसलं की सरकते रे. फोटोपुरतं बसलं एकदा. आता हॉलमध्ये ठेवली, नुसती शोसाठी."

"माप त्याचं नोयतं," भोजराज म्हणाला अन् फोन ठेवला.

त्या दिवशी त्याला लाज वाटली. वरवरची नव्हे, खरी. त्यानं उरलेलं लाल रेक्झिन काढलं अन् त्याच मापाची दुसरी सीट केली. बैठक, पाठ, खाली प्लायवूड, कशात कसर नाही. खुशी आली तेव्हा ती पायरीवर मांडून तो म्हणाला, "हे घे. तुह्यासाठी केली."

खुशीचं तोंड फुललं. ती बसली. पाय पुढं करून पायडल चाचपडले, दोन्ही हात स्टिअरिंग धरायला उचलले. मग हळूच खाली घेतले.

"गाडी कुठं हाय?"

भोजराजला सीट करता येते. गाडी तो कुठून आणणार होता? तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"खुशी, ते गाडी तुही नोयती. सेठच्या नातवाची होती. नेली त्यायनं. आता येत नाई ते. मी तुह्यासंग खोटं बोललो."

ठेल्यावरची इस्त्री थांबली. आता पोट्टी भोकाड पसरते म्हणून भोजराज जीव मुठीत धरून बसला. पण ती रडली नाही. विचार करत होती.

"मंग मले काहून बसवलं?"

 दुसरं काही सुचलं असतं तर भोजराजनं तेही सांगितलं असतं.

"मापासाठी," तो म्हणाला.

खुशी उठली. सीट तिथंच ठेवून ठेल्यापाशी गेली अन् आईचा पदर ओढत तिनं विचारलं, "आई, मामा आता तरी खरं बोलून राह्यला का?"

गीताबाईनं भोजराजकडं पाहिलं. "हौ," ती म्हणाली. "आता त्याले माप नाई घ्यायचं ना."