बाळेहण्णु

“बाळेहण्णु... बाळेहण्णु...”

नागनाथ माईकमध्ये दोनदा बोलला आणि त्याने जीभ चावली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. समोरच्या मैदानावर दीड-दोन हजार माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली होती. इतका वेळ आपापसांत कुजबुजणारी ती माणसं एका सुरात गरजली, “बाळेहण्णु!” आणि वर टाळ्या पडल्या. तीस वर्षांत नागनाथने लग्नाच्या, बारशाच्या, निवडणुकीच्या टाळ्या ऐकल्या होत्या. शोकसभेतल्या टाळ्या त्याने पहिल्यांदा ऐकल्या.

बाळेहण्णु म्हणजे कन्नडमध्ये केळं. दुसरं काही नाही. बाकीचे माईकवाले ‘हॅलो, वन टू थ्री’ म्हणतात, के. आर. पुरमच्या नागनाथ साउंड सर्व्हिसचा मालक मात्र पहिल्यापासून केळ्यावर माईक तपासायचा. त्यात त्याचं शास्त्र होतं. ‘बा’ म्हटलं की माईकवर फुंकर किती बसते ते कळतं, ‘ळे’ हॉर्नमधून गोल फिरून येतो, आणि शेवटचा ‘ण्णु’ किती घुमतो त्यावरून बेस ठरवायचा. एका शब्दात अख्खा सेट तपासून होतो.

हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही, असं त्याने चार महिन्यांपूर्वी ठरवलं होतं. आणि नेमका आज, अण्णाच्या फोटोला हार घातलेला असताना, सवयीने तो सटकला.

अण्णा म्हणजे हयवदन अण्णा, ‘कावलु पडे’चा पुढारी. पहाऱ्याची फौज असा त्या नावाचा अर्थ. पहारा कुणावर, तर बाहेरून पोट भरायला आलेल्यांवर. माईकसमोर उभा राहिला की मैदान हलवायचा. माईकमागचा अण्णा मात्र फक्त नागनाथला माहीत होता. बुटका, घशासाठी सतत गोळी चघळणारा, “नागण्णा, स्वल्प बेस वाढव ना,” म्हणून लाडीगोडी लावणारा. एकदा त्याने विचारलं होतं, “तू हे केळं केळं काय करतोस रे?”

नागनाथ मूळचा बीदर जिल्ह्यातला, भालकीचा. घरची बोली मराठी, तीही घरात हळू आवाजात. पडेच्या सभांना सेट लावताना त्याला नेहमी धास्ती असायची, की कधीतरी कुणी आपल्यालाच विचारील, तू कुठला? म्हणून तो जरा जास्तच गोड हसला आणि म्हणाला, “अण्णा, या शब्दात ‘ळ’ आहे, ‘ण’ आहे. बाहेरच्याला जीभ वळवताच येत नाही. म्हणायला लावा, लगेच कळतं आतला कोण अन् बाहेरचा कोण.”

आपल्या मराठीत ‘ळ’ही आहे आणि ‘ण’ही आहे, म्हणजे आपली माणसं वाचली, हा हिशेब त्याने मनात आधीच करून ठेवला होता. हुशारी केली होती त्याने.

त्याच सभेत अण्णा ते बोलला. “शंका आली की पकडा आणि केळं म्हणायला लावा!” मैदान हसून लोटपोट झालं आणि एका सुरात ‘बाळेहण्णु’ ओरडलं. आपला शब्द दोन हजार माणसांच्या तोंडी ऐकून नागनाथची छाती फुगली. घरी येऊन त्याने बायकोला, धनलक्ष्मीला, शिरा करायला सांगितला. तो शिरा आठवला की अजूनही त्याला मान वर करवत नसे.

कारण पुढच्याच सभेनंतर पडेच्या पोरांनी रणजीतला धरलं. रणजीत आसामकडचा, मैदानाशेजारच्या कल्याणमंडपाचा वॉचमन. नागनाथचे जड बॉक्स उतरवायला न सांगता हात लावायचा. पाच-सहा जणांनी त्याला भिंतीशी उभं केलं. “हेळु, बोल.” रणजीत हसत म्हणाला, “बालेहन्नु.” त्याला ती थट्टाच वाटली होती. मग त्याचे दात पडले. नागनाथ वीस पावलांवर वायर गुंडाळत होता. रणजीतने त्याच्याकडे पाहिलं, आणि नागनाथ वायर गुंडाळतच राहिला. कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा. आठवड्याने मंडपात दुसरा वॉचमन आला.

आणि आता अण्णा गेला होता. छातीत कळ येऊन, न्हाणीघरात, कुणाशी एक शब्द न बोलता.

शोकसभेहून परतल्यावर नागनाथ धनलक्ष्मीला म्हणाला, “संपलं बघ. आवाजच गेला तर ऱ्हायलं काय? स्विच बंद केल्यावर हॉर्न नुसता पत्र्याचा भोंगा असतोय.”

“मग दोन हजार मानसं कामून वरडली?”

“ती शेवटची.”

धनलक्ष्मीने त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि तिला आपलं बोलणं पटलं, असं त्याला वाटलं.

महिनाभर खरोखरच शांत गेला. पडेच्या सभा झाल्या नाहीत, गल्लीतले फलक पावसाने फाटले. नागनाथला झोप लागू लागली. अशात मुलीचा, अनुषाचा, बेळ्ळंदूरहून फोन आला, की सासूबाई अकोल्याकडून आल्यात, रविवारी जेवायला घेऊन येते.

विठाबाई पहिल्यांदाच विहिणीच्या दारी येत होत्या. अंगाने काटकुळ्या, नऊवारी, पायांत मुलाने घेऊन दिलेले पांढरे बूट. आल्या आल्या त्यांनी घर पाहिलं, धनलक्ष्मीच्या हातातली परात काढून घेतली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण हात हलवत आलो.

“काहीच आनलं नाई म्या. पोरगी म्हने, गाडीत बसा, उशीर झाला. चाला बरं व्याहीबुवा, मले दुकान दाखवा.”

“राहू द्या हो, विहीणबाई.”

“राहू द्या काहून? रिकाम्या हातानं जेवू का मी?”

गल्लीच्या तोंडाशी भाग्यलक्ष्मीची फळांची गाडी होती. वीस वर्षांची ओळख. तिच्या मुलीच्या लग्नात सेट नागनाथचाच वाजला होता. गाडीवर गिऱ्हाइकांची गर्दी होती. विठाबाई थेट पुढे गेल्या आणि एका फणीवर हात ठेवून म्हणाल्या, “केये द्या, बाई. हे चांगले पिवये हायेत.”

नागनाथने चमकून गाडीभोवतीच्या माणसांकडे पाहिलं. केये. पिवये. लग्नात, साखरपुड्यात ही बोली त्याने कितीदा ऐकली होती, गंमत म्हणून तिची नक्कलही केली होती. वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो हे त्याला ठाऊक होतं. फक्त ज्या दिवशी आठवायला हवं होतं, त्या दिवशी आठवलं नव्हतं.

भाग्यलक्ष्मी हसली. अगदी मोकळी, नेहमीसारखी. “अज्जी, बाळेहण्णु अंत हेळि, नोडोण!” केळं म्हणून दाखवा, आजी, बघू.

“काय म्हनते हे बाई?” विठाबाईंनी वळून विचारलं.

“काही नाही,” नागनाथ म्हणाला. “नाव विचारायली.”

विठाबाईंनी पदर सारखा केला, हात जोडले आणि म्हणाल्या, “इठाबाई.”

गाडीभोवतीची सगळी हसली. विठाबाईही हसल्या, कारण चार माणसं हसली की हसावं. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र घातलेला एक तरुण मात्र हसला नाही. हातातली पपई ठेवून तो कन्नडमध्ये म्हणाला, “नाव नको, आजी. शब्द म्हणा. बा, ळे, ह, ण्णु.” आणि त्याने खिशातून मोबाइल काढून त्यांच्या समोर धरला.

आपल्याकडून काय हवंय ते आता विठाबाईंना कळलं. त्यांनी प्रयत्न केला. मनापासून केला. “बाये... बायेहन्नू.”

“बाहेरची,” तरुण म्हणाला. त्याने विठाबाईंच्या हाताखालची फणी उचलली आणि परत गाडीवर मागे ठेवली. “अण्णा गेले म्हणून आम्ही विसरलो, असं वाटलं की काय?”

हा पोरगा पडेचा नव्हता. नागनाथने सगळ्या सभा पाहिल्या होत्या, हा चेहरा एकाही सभेला नव्हता. भाग्यलक्ष्मीला तर सभा कशाशी खातात तेही माहीत नव्हतं. कुणी आज्ञा दिली नव्हती, कुणी भाषण केलं नव्हतं. माणूस बोलायचा थांबला तरी कधी कधी हॉर्न आपणच शिट्टी मारत राहतो, आपलाच आवाज ऐकून अजून मोठ्याने. नागनाथने आयुष्यभर ती शिट्टी बंद करायचं काम केलं होतं.

“ही तुमच्याबरोबर आहे का?” तरुणाने त्याला विचारलं.

नागनाथच्या ध्यानात आलं की आपण दोन पावलं मागे सरकलेलो आहोत. कधी सरकलो, ते कळलं नव्हतं.

“गोत्तिरोरु,” तो म्हणाला. “अष्टे.” ओळखीच्या आहेत, एवढंच.

विठाबाईंना कन्नड येत नव्हतं. त्यांनी फक्त त्याच्या तोंडाकडे पाहिलं. रणजीतने पाहिलं होतं तसं पाहिलं नाही. त्या आपल्या, आता हा आपला माणूस बोलतोय, सगळं नीट होईल, अशा भरवशाने पाहत होत्या. ते नागनाथला सोसलं नाही.

“तो शब्द अण्णाचा नाही,” तो एकदम म्हणाला. आवाज चिरका निघाला. “माझा आहे. माईक तपासायचा शब्द आहे तो. मीच दिला अण्णाला, मूर्खपणाने दिला. त्याने काही कळत नाही. या आमच्या... यांच्या भाषेत तसंच म्हणतात.”

मग भाग्यलक्ष्मी समजुतीच्या सुरात म्हणाली, “यार् हेळिद्रेनु, नागण्णा?” कुणी का सांगितला असेना, त्याने काय होतं? तरुणाने खांदे उडवले, मोबाइल खिशात टाकला आणि पपई पिशवीत भरली. नागनाथने एवढं धैर्य एकवटून केलेली कबुली गाडीवरच्या कुणालाही नको होती.

परतताना विठाबाई रिकामी पिशवी घडी घालून काखेत धरून चालत होत्या. अर्ध्या गल्लीत त्या म्हणाल्या, “माह्यामुये तुमाले चारचौघांत खाली पाहा लागलं, व्याहीबुवा. म्या घरीच बसाले पायजे होतं.”

“तसं नाही हो, विहीणबाई,” नागनाथ म्हणाला. खरं काय ते सांगायला एवढी गल्ली पुरली असती. पण घर आलं.

जेवण झालं. धनलक्ष्मीने आग्रह करकरून वाढलं, अनुषाने शार्दूलच्या, नवऱ्याच्या, गमती सांगितल्या. विठाबाई थोडं जेवल्या. नंतर मागच्या अंगणात भांडी विसळताना त्यांचं पुटपुटणं नागनाथला ऐकू येत होतं. “बाये... बाडे... बाडेहन्नू...” मध्येच थांबून त्या जीभ टाळूला लावून बघत होत्या.

संध्याकाळी एका लग्नाचं काम होतं. नागनाथने अंगणात ॲम्प्लिफायर मांडला, हॉर्नचं तोंड गल्लीकडे केलं आणि माईक जोडला. लाल दिवा लागला. तपासायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. नखाने माईकवर दोनदा टिचकी मारली. टक्-टक् असा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. भाग्यलक्ष्मीच्या गाडीपर्यंत.

हात पुसत विठाबाई जवळ आल्या. “याच्यात बोललं का दूर जाते?”

“जाते.”

“मंग बोलून पाहू का मी? आता जमून ऱ्हायलं मले.” त्यांच्या चेहऱ्यावर शाळेतल्या पोरीसारखा उत्साह होता. “त्या बाईले आयकू गेलं पायजे.”

नागनाथने माईक त्यांच्या हातात दिला. त्याच वेळी त्याचा दुसरा हात मागे गेला आणि अंगठ्याने स्विच खाली झाला. दिवा विझला. विठाबाई माईककडे बघत होत्या, त्यांना तो दिसला नाही.

त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून म्हणाल्या, “बायेहन्नू. बायेहन्नू. बायेहन्नू.”

अंगणातल्या अंगणात तो आवाज राहिला. वर तारेवर धनलक्ष्मीचं लुगडं हलत होतं.

विठाबाईंनी डोळे उघडले. “गेला का जी आवाज? त्या गाडीपावतर?”

“गेला, विहीणबाई,” नागनाथ म्हणाला. त्याचा अंगठा अजून स्विचवरच होता.