वायरलेसवरची बाई

मौनीबाबांनी तक्रार केली म्हटल्यावर नियंत्रण कक्षात सगळ्यांचे कान टवकारले. रुग्णवाहिकेचा हा सगळ्यात जुना चालक. वायरलेसवर हूं नाही की चूं नाही, म्हणून पोरींनी हे नाव पाडलेलं. आणि त्यांनी तोंड उघडलं ते नेमकं वायरलेसवर गाड्या पाठवणाऱ्या हिच्याविरुद्ध.

"'ती बाई वायरलेसवर असेल तर मला गाडी नको', एवढंच म्हणाले," कक्षाच्या प्रमुख, मोठ्या बाई तिला म्हणाल्या. "तुमचं दोघांचं जमत नसेल तर तुला रात्रपाळी देते. त्यांना हलवू शकत नाही मी."

तिने घरचा हिशोब मांडला. नवरा फिरतीवर, सासूबाईंचे गुडघे धरलेले, आणि लेकरू अंधार पडला की आईशिवाय कोणाचं नाही. रात्रपाळी म्हणजे राजीनामाच.

"मी एक दिवस त्यांच्या गाडीत बसू?" ती बोलून गेली. वर्षभर ती वरच्या मजल्यावरच्या कक्षातून गाड्या पाठवत होती. या माणसाचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गाडीत चढली, तेव्हा ते फक्त "पट्टा लावा" म्हणाले.

पहिलाच पेशंट छातीत दुखणारे आजोबा. मागे नर्स, आणि आजोबांचा हात घट्ट धरून बसलेल्या आजी. गाडी निघाली तसा डोक्यावरच्या स्पीकरमधून वर कक्षात तिच्या जागी बसलेल्या मैत्रिणीचा आवाज खणखणला, "ऐकताय ना? पेशंट सिरियस आहे, हातचा जाईल! ऐकताय ना?"

"काय म्हणाल्या हो त्या?" मागून आजींनी विचारलं.

"काही नाही आई, पुढे रस्ता खोदलाय म्हणतात." मौनीबाबांनी एका हाताने आवाज बारीक केला.

तिला मान वळवून मागे बघवेना. रोज हेच, याच शब्दांत, ती स्वतः ओरडत होती. ऐकणारा एकटा चालक, असं धरून.

आजोबांना आत नेलं. दोघं हॉस्पिटलच्या पायरीवर टेकली.

"काका, एकदा सांगायचं तरी होतं."

"कोणाला? स्पीकरला?"

"मग उत्तर का देत नाही तुम्ही? मला वाटतं पोचलंच नाही. म्हणून पुन्हा सांगते, आणखी जोरात."

"ऐकलेलं असतं मी."

"ते मला वर बसून कसं कळावं? तुमची मान हललेली दिसते का मला?"

मौनीबाबांनी सवयीने मान हलवली आणि ओशाळले. म्हणाले, "मला नुसता रस्ता सांगा. पेशंटचं जे काय असेल ते नर्सच्या फोनवर पाठवा."

"आणि तुम्ही 'ऐकलं' म्हणायचं. एवढा एकच शब्द."

"बघू."

त्या 'बघू'वर दिवस काढणं जड गेलं. पुढच्या फेऱ्यांना ती नुसती बसून राहिली. पाठ धरली, डोळे चुरचुरले.

पाळी संपली तेव्हा मौनीबाबा तिच्यामागून जिना चढून वर आले. कक्षात ते कधी आलेच नव्हते. मैत्रीण एका कानाला फोन लावून रडणाऱ्या कोणाला तरी पत्ता विचारत होती, दुसरा फोन वाजत होता, आणि एका गाडीला ती परत परत हाक मारत होती. गाडी गप्प.

"हा कोण, बोलत का नाही?" मौनीबाबा वैतागले.

"तुमचाच चेला," मैत्रीण म्हणाली.

कोणीतरी फिसकन हसलं. मौनीबाबा हसले नाहीत. चेला "पोचलो" म्हणेपर्यंत ते तिथेच खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मग मोठ्या बाईंच्या दाराशी जाऊन म्हणाले, "राहू द्या तिला दिवसाला. सांगितलं की ऐकते."

"आणि तुम्ही?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मीही बोलेन. लागेल तेवढंच."

तिला आनंद व्हायला हवा होता. पण अंगात तेवढंही त्राण नव्हतं. तिने पर्स उचलली, सासूबाईंना 'निघाले' म्हणून फोन केला आणि कठड्याला धरून एक एक पायरी उतरू लागली.