बारा मिलिमीटरचा फरक

किसनकाकांचे डोळे गेले, असं मीच म्हणाले. तेही नांदगाव पेठच्या साइटवर, आठ मजुरांसमोर, आमचे मॅनेजर धर्मेंद्र सर शेजारी उभे असताना.

काकांनी पायाचे बोल्ट बसवले होते, ते माझ्या मोजणीत बारा मिलिमीटर उंच निघत होते. उंची मोजायची लेव्हल दोघांनी एकच वापरली होती. या बोल्टांवर कापड कारखान्याचं भलंमोठं यंत्र बसणार; एकदा काँक्रीट पडलं की चूक कायमची. मिक्सर अमरावतीहून निघालाही होता.

"बासष्ट वर्षांचा माणूस. उद्यापासून बोलावू नका," धर्मेंद्र सर म्हणाले, काकांकडे न बघता. "बोल्ट या प्रियदर्शनीच्या मापानं खाली घ्या."

काका चिडले नाहीत, याचाच मला राग आला.

"बोल्ट हलवाच्या आंधी लेव्हल तपासून घ्या साहेब," ते एवढंच म्हणाले.

लेव्हल म्हणजे तिपाईवरची दुर्बीण; तिची नजर अगदी आडवी असावी लागते. सकाळी राजापेठेच्या गर्दीत स्कूटीवरून तिची पेटी पडली होती. पेटीवर साधा ओरखडाही नव्हता, म्हणून मी तोंड मिटून बसले. भित्री कुठची!

काकांनी एकमेकींपासून ऐंशी पावलांवर दोन खुंट्या ठोकल्या आणि बरोबर मधोमध, चाळिसाव्या पावलावर, तिपाई उभी केली.

"माहे डोळे गेले ना? मंग तूच दुर्बिणीतून पाय."

मजुरानं आधी एका, मग दुसऱ्या खुंटीवर आकड्यांची पट्टी धरली. मी वाचलं. फरक दोनशे चौदा मिलिमीटर.

"आता यंत्र त्या खुंटीजवळ ने."

खुंट्या त्याच, जमीन तीच. लेव्हल नीट असेल तर फरकही तोच यायला हवा. जवळची पट्टी वाचली. लांबची वाचताना गेटातून मिक्सर आत आल्याचा आवाज आला.

दोनशे सव्वीस.

काका दुर्बिणीजवळ फिरकलेही नव्हते. दोनशे चौदा म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? खोटा आकडा अगदी ओठांवर आला होता.

"दोनशे सव्वीस," मी म्हणाले. "लेव्हल बिघडली आहे."

"मग काकांचं माप?" धर्मेंद्र सरांनी विचारलं.

"बरोबर आहे सर. ते लेव्हल नेहमी पाया आणि ठरलेल्या उंचीची खूण यांच्या मधोमध लावतात. दोन्हीकडे सारखीच चूक होते, वजाबाकीत निघून जाते. मी पायाशेजारीच लावली होती." पावलं मोजत चालणाऱ्या काकांना आम्ही सगळे हसायचो, हे मी सांगितलं नाही.

"म्हणजे यंत्राची खराबी. कोणाचीच चूक नाही. चला, भरा!"

मला केवढं हायसं वाटलं! काका मात्र जागचे हलले नाहीत.

"यंत्राचं झालं पोरी. आता माह्या डोळ्याचं सांग. ज्यायच्यासमोर बोल्ली, त्यायच्याचसमोर."

मिक्सर घरघरत होता. मजूर थांबले होते. मला आवाज चढवावा लागला.

"काकांचे डोळे ठणठणीत आहेत. लेव्हल सकाळी माझ्या स्कूटीवरून पडली. मी लपवलं."

काकांनी पट्टी मिटून काखेत धरली.

"उद्या येऊ ना साहेब?"

"या," धर्मेंद्र सर म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते. मला यायचं की नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.