दारावरून उतरलेलं नाव

मी एक पाटी. काळ्या ग्रॅनाइटची, दीड फूट लांब, कडा घासून गुळगुळीत केलेली. माझ्यावर एकच ओळ आहे : इंदूबाई देवमन तायडे. ती लोकांना दाखवायची, एवढ्यासाठीच माझा जन्म.

जन्मगाव अमरावती. कारागिराने खडूने अक्षरं आखली, छिन्नीने कोरली, वर सोनेरी रंग भरला. देवमनराव मला न्यायला अकोल्याहून बसने आले होते. एका बियाणे कंपनीच्या गोदामात ते स्टोअरकीपर. पातूर रस्त्यावरच्या नव्या लेआऊटमध्ये त्यांनी दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, बायकोच्या नावावर. त्यासाठी बँकेचं चौदा लाखांचं कर्ज त्याच आठवड्यात मंजूर झालं होतं. पुरुषाचं नाव आधी टाकू का, असं कारागिराने विचारलं. ते म्हणाले, जिचं घर तिचंच नाव.

मांडीवर ठेवून त्यांनी मला घरी आणलं. इंदूबाईंनी माझ्यावरून बोटं फिरवली, आणि जुन्या पातळात गुंडाळून मला दिवाणाखाली सरकवलं.

"कागद बँकेत अन् नाव दारावर? लोकाईले फसवाचं का? कागद घरी येतीन, त्या दिवशी लावजा."

सहा वर्षं मी दिवाणाखाली होते. झाडूचा स्पर्श आणि वरची बोलणी, एवढंच माझं जग. तिथेच मला समजलं, ही बाई अशी का वागते. लग्नापासून त्यांनी अकोल्यात सात खोल्या बदलल्या. भाडं सांगण्याआधी प्रत्येक घरमालक आडनाव विचारायचा. एकदा सामान लागलं होतं, गॅसवर चहा उकळत होता. मालकीणबाईने आडनाव ऐकलं आणि तिला आठवलं, की खोली भावाला द्यायची आहे. या दोघांनी चहा मोरीत ओतला, सामान परत ऑटोत चढवलं. माणसं दारावरची पाटी वाचतात ती पत्ता शोधायला कमी आणि घरातल्याचं मूळ शोधायला जास्त. ज्या आडनावाने त्यांना दारं बंद केली, ते आडनाव या बाईला स्वतःच्या दारावर हवं होतं. पण कुणाच्या उपकाराखाली नको होतं.

मग देवमनराव निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून बारा लाख हाती आले. कर्जाचे साडेदहा लाख बाकी होते.

त्यांचा मुलगा प्रीतम दिल्लीत शिकून परतलेला. आपल्या मुलखातल्या पोरांना शिकवायचं म्हणून तिकडची नोकरी नाकारून तो अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागला होता. मानधन चार-चार महिने यायचं नाही. त्याने वही घेऊन आईला समजावलं. कर्जाचं व्याज साडेआठ टक्के. पैसा चांगल्या फंडात दहा वर्षं राहिला तर बहुधा अकरा-बारा टक्के सुटतील. खात्री कुणीच देत नाही. पण त्याचा खरा मुद्दा टक्क्यांचा नव्हताच.

"आई, पाच लाख बँकेत भर, हप्ता कमी होईन. सात लाख हाताशी ठेव. भिंतीत गेलेला पैसा अडचनीत परत मांगता येत नाई."

"तुह्या बारा टक्क्यांत मले कोनी घराबाहेर काढनार नाई, हे लिहून देतं का?"

प्रीतमने वही मिटली. देवमनराव दोघांच्या मध्ये बसून सुपारी कातरत राहिले. दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले.

खरं सांगते, प्रीतमचं कुणी ऐकू नये असं मलाही वाटत होतं. मला उजेड हवा होता.

कर्ज फिटलं, कागद घरी आले. उरलेल्या पैशांतून अंगणाला भिंत आणि फाटक झालं. वादात हरलेल्या प्रीतमनेच भोकं पाडून चार स्क्रूंनी मला दाराशेजारी बसवलं आणि लांब जाऊन मी सरळ आहे का ते तीनदा पाहिलं. इंदूबाई बाजारातून येताना दोन घरं आधीच थांबायच्या. तिथून मला वाचायच्या, मग हसू दाबत फाटक उघडायच्या. रोज सकाळी पदराने पुसायच्या. त्या सात महिन्यांत माझ्याइतकी सुखी पाटी साऱ्या लेआऊटमध्ये नव्हती.

आठव्या महिन्यात त्यांच्या छातीत गाठ निघाली.

नागपूरला ऑपरेशन झालं, ते सरकारी योजनेत बसलं. पुढची इंजेक्शनं बसली नाहीत. दर तीन आठवड्यांनी एक, वर्षभर. खर्च सहा लाखांवर. पहिलं येत्या सोमवारच्या आत हवं, असं डॉक्टरांनी बजावलं. घरात चाळीस हजार होते. नातेवाइकांनी दिलं ते जाण्यायेण्यात संपलं. बँक म्हणाली, घर गहाण ठेवा, अकरा टक्क्यांनी देतो. साडेआठचं फेडून अकराचं घ्यायचं. प्रीतम एकदाही म्हणाला नाही, की मी सांगत होतो. त्याचं ते न म्हणणंच इंदूबाईंना जास्त लागलं. मला पुसायला त्या कालपर्यंत येत होत्या. ऑपरेशनपासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, तशाच उभ्या राहायच्या.

घर त्यांच्या नावावर, म्हणून सही त्यांचीच लागते. बँकेचा फॉर्म चार दिवस टेबलावर पडून आहे. प्रीतमने पाय धरले. त्या एकच गोष्ट म्हणतात :

"मी वाचीन का नाई, डॉक्टरबी सांगत नाई. मी गेली अन् घरबी गेलं, त तुमी बाप-लेक पुन्हा आडनाव सांगत खोल्या पाहात फिरसान का?"

आज सकाळी देवमनराव टेबलापासून उठले. पेचकस घेऊन बाहेर आले. चारही स्क्रू काढले, मला आत नेलं आणि टेबलावर, त्या फॉर्मवरच ठेवलं.

"तुहाच नेम हाये ना, कर्ज असलं त पाटी नाई? घे, उतरवली. आता कोनालेच फसवत नाई आपन. सही कर, इंदू."

एवढं बोलून ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. तेव्हापासून इंदूबाई माझ्यावर हात ठेवून बसल्या आहेत. त्यांचा तळवा तापलेला आहे. मला त्यांना सांगायचं खूप आहे, पण तोंड नाही.

बाई, तुम्ही घर फेडलंत त्यात पाप नव्हतं. हाताशी चार पैसे ठेवले नाहीत, एवढीच चूक; ती तुमच्या भीतीची होती, आणि माझ्या हावरेपणाचीही. पण घर म्हणजे मी नाही. हे दोघं ज्या बाईभोवती जमतात, ते घर. मी दिवाणाखाली आणखी दहा वर्षं राहीन, मला काही होत नाही. मी दगड आहे. तुमच्याकडे सोमवारपर्यंतच वेळ आहे.

मला सरकवा. माझ्याखाली फॉर्म आहे. तुमचा उजवा हात तेवढा पोचतो.